शाळेच्या बसवाल्या काकांचा दिवस



आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, तो आपल्याला रोज दिसतो. सकाळी त्याच्या हाती आपण लेकरू सोपवतो आणि घराकडे वळतो. कुणाला डबा भरायचा असतो, कुणाला गुरं सोडायची असतात, कुणाला कंपनीची पहिली पाळी गाठायची असते. त्या माणसाचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. मुलं ‘काका’ म्हणतात, म्हणून आपणही ‘बसवाले काका’ म्हणतो. बस वेळेवर आली तर काका चांगले, उशीर झाला तर काका वाईट, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध.

आम्हाला वाटतं, यापेक्षा जास्त माहिती आपल्याला हवी. आपलं मूल सुखरूप घरी येणं बरंचसं या माणसाच्या कामावर अवलंबून आहे. आणि त्याचं काम नीट होणं बरंचसं आपल्यावर अवलंबून आहे. हे दुसरं वाक्य ऐकून नवल वाटेल, म्हणून आज त्याचा दिवस पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उलगडून पाहू.

पहाटेची वीस मिनिटं

सात वाजताची शाळा असेल तर लांबच्या गावात पहिला थांबा सहाच्या आसपास येतो. म्हणजे आपली चूल पेटते तेव्हाच काकाही उठलेले असतात. गाडीपाशी आले की लगेच किल्ली फिरवून निघायचं नसतं. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. चारी बाजूंचे टायर पाहायचे, खाली तेल सांडलंय का पाहायचं. पुढचे दिवे, मागचे लाल दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर तपासायचे. इंजिनातलं ऑईल पट्टी काढून बघायचं, रेडिएटरचं पाणी बघायचं.

मोठ्या बसचा ब्रेक बहुधा हवेवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकीतली हवा उतरते. इंजिन सुरू करून ती हवा पुन्हा भरू द्यावी लागते आणि समोरचा काटा पुरेसा वर आल्यावरच गाडी हलवायची असते. घाईत ही दोन-चार मिनिटं वाचवली, तर ब्रेक हवा तेव्हा हवा तसा लागेलच याची खात्री नाही.

मग आतली कामं. संकटकाळी बाहेर पडायचं मागचं दार उघडतंय का, आग विझवायचं नळकांडं जागेवर आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस-पट्टी आहे का, हे पाहायचं. काल कुणी सांडलेला चिवडा झाडायचा, आरसे पुसायचे, पुढे अगरबत्ती लावायची. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

ही वीस मिनिटं कुणालाच दिसत नाहीत. म्हणूनच कुठे वेळ कमी पडला की पहिली काट त्यांच्यावर बसते. आदल्या रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडून काका एक वाजता परतले असतील, तर सकाळी काय होईल याचा आपणच विचार करावा.

आपल्याकडचे रस्ते

पेण आणि रोहा हे दोन्ही तालुके गाडी चालवणाऱ्याची परीक्षा पाहणारे आहेत. पेणला एका बाजूला खारेपाट आहे. वाशी, वढाव, दादर, रावे अशा गावांकडचे रस्ते सखल, कडेला खाजणं नाहीतर शेतं. समोरून डंपर आला तर कुणीतरी एकाने थांबावंच लागतं. दुसऱ्या बाजूला मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं चौपदरीकरण आपल्याकडे २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतर किती पावसाळे आपण खड्डे आणि वळणरस्ते भोगले हे सांगायला नको. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो. तिथे डोलवीच्या पोलाद कारखान्याचे लांबलचक ट्रेलर, अलिबागला निघालेल्या मोटारी आणि आपल्या मुलांची बस एकाच गर्दीत असतात.

रोह्याकडे नागोठण्यापुढे सुकेळीची खिंड, मग खांब, कोलाड, आणि कोलाडहून आत वळलं की धाटावची औद्योगिक वसाहत. रसायनांचे टँकर, कामगारांच्या बस आणि शाळेच्या बस यांची सकाळची वेळ जवळजवळ एकच. चणेऱ्याच्या बाजूला कुंडलिकेच्या कडेकडेने वळणं. थंडीत नदीवरून धुकं येतं, आणि पहाटे रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

गणपतीच्या आधी तर हमरापूर-जोहे भागातून मूर्तींचे टेम्पो निघतात, चाकरमान्यांच्या गाड्या येतात. त्या दिवसांत नेहमीचा अर्ध्या तासाचा रस्ता किती वेळ घेईल हे कुणीच सांगू शकत नाही. शाळेची घंटा मात्र तिच्याच वेळेला होते.

एका मिनिटाचा हिशेब

आता आजच्या बोलण्यातला मुख्य हिशेब. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर बोटांवर मोजा.

समजा, बसचा रस्ता वीस किलोमीटरचा आहे आणि वाटेत बारा थांबे आहेत. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने वीस किलोमीटर जायला तीस मिनिटं लागतात. प्रत्येक थांब्यावर एक मिनिट धरलं तर बारा मिनिटं. एकूण बेचाळीस. काका याच हिशेबाने घरून निघतात.

आता प्रत्येक थांब्यावर फक्त एक मिनिट उशीर झाला. एका घरी वेणी राहिली होती, दुसऱ्या घरी पाण्याची बाटली भरायची होती, तिसरीकडे बूट सापडत नव्हता. आपल्याला वाटतं, एकच तर मिनिट! पण बारा घरांची बारा मिनिटं झाली. ती भरून काढायची तर तीस मिनिटांचा रस्ता अठरा मिनिटांत कापावा लागेल. त्यासाठी वेग हवा ताशी जवळजवळ ६७ किलोमीटर.

४० च्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर, म्हणजे छत्तीस फूट पुढे जाते. ६७ च्या वेगात एका सेकंदात एकसष्ट फूट. समोर बैल आडवा आला, हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला जेवढी जागा लागते, ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला तर जागा चौपट लागते. ४० च्या जागी ६७ केला तर जवळजवळ पावणेतीन पट जागा लागते. ओल्या रस्त्यावर तर आणखीच जास्त.

यावर कुणी म्हणेल, शाळेच्या बसला वेगनियंत्रक असतो, ती इतकी पळणारच नाही. बरोबर आहे. नियमाने तो असायलाच हवा. पण मग काकांनी बारा मिनिटं आणायची कुठून? ती थांब्यांवरून निघतात. मूल पायरी चढलं की नाही तोच गाडी हलते. आतलं पोर बसायच्या आधी गिअर पडतो. गतिरोधकावर वेग कमी होत नाही. उलट्या बाजूने ओव्हरटेक होतो. धोका जात नाही, फक्त जागा बदलतो.

म्हणून आम्ही म्हणतो, सुरक्षित बसची सुरुवात आपल्या उंबरठ्यावर होते. बस यायच्या पाच मिनिटं आधी मूल थांब्यावर उभं असणं, ही आपण रस्त्यावरच्या सगळ्या मुलांना दिलेली मिनिटं आहेत. आणखी एक गोष्ट. बस कुठे आली हे विचारायला बारा घरांतून बारा फोन काकांनाच जातात. गाडी चालवताना त्यांनी ते घेऊच नयेत. थांब्यावरच्या सगळ्या घरांनी मिळून एकच फोन करायचा, आणि तो बसमधल्या मदतनीस ताईला करायचा.

रस्ता ओलांडताना

बसमध्ये बसलेल्या मुलापेक्षा बसमधून उतरलेल्या मुलाला जास्त जपावं लागतं. काका उंचावर बसतात. त्यामुळे लांबचं छान दिसतं, पण बसच्या नाकासमोरची जागा त्यांना दिसत नाही. बुटका मुलगा तिथे वाकून पडलेली डब्याची पिशवी उचलत असेल तर आरशात नीट पाहिल्याशिवाय तो कळणारच नाही. मागच्या चाकाजवळही तसंच.

अमेरिकेत शाळेची बस थांबून लाल दिवे लुकलुकायला लागले की मागची वाहनं थांबतात, आणि साध्या रस्त्यावर समोरून येणारीही थांबतात. तिथे तसा कायदाच आहे. आपल्याकडे कुणी थांबत नाही. उलट बस उभी दिसली की मागचा मोटरसायकलवाला बाजूने निघून जातो.

अशा वेळी आपण काय करतो? घर रस्त्याच्या पलीकडे असेल तर पलीकडेच उभ्या राहून हाक मारतो. आई समोर दिसली की पोर उजवीकडे-डावीकडे पाहत नाही, धाव घेतं. त्यात त्याची चूक नाही. म्हणून नियम पक्का करा. मुलाला घ्यायला जायचं ते बसचं दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला. मुलाचा हात धरायचा, बस निघून जाऊ द्यायची, दोन्ही बाजूंचा रस्ता मोकळा दिसला की मग ओलांडायचं. आपण कामावर असलो तर आजी, मोठी बहीण किंवा गटातली शेजारीण, कुणीतरी त्या बाजूला हवंच.

शेवटचं मूल उतरलं तरी काकांचं एक काम उरतं. उठून मागच्या बाकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक सीटवर, सीटखाली पाहायचं. लहान मुलं झोपून जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये एका भारतीय कुटुंबातली चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली. कुणी पाहिलं नाही, बस बंद झाली आणि उकाड्याने ती गेली. आपल्याकडची कितीतरी माणसं आखाती देशांत कामाला आहेत, त्यांना तिथलं ऊन ठाऊक आहे. पण आपल्या एप्रिलच्या उन्हातही बंद गाडी भट्टीसारखी तापते. ही मागपर्यंतची फेरी काका मारतात का, हे विचारायला संकोच करू नका.

मधले तास आणि महिन्याचा पगार

साडेसातला मुलं शाळेत पोचली म्हणजे काका मोकळे झाले असं नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण मोठ्यांची शाळा सातची आणि छोट्यांची नऊची असेल तर त्याच रस्त्यावर दोन फेऱ्या होतात, आणि सोडतानाही दोन. एकीकडची मुलं सोडून दुसरीकडची आणायची. मधल्या वेळात कुणी कंपनीच्या माणसांची फेरी करतं, कुणी गॅरेजला जातं, कुणी शेवटच्या बाकावर अंग टाकतं.

दिवस असा तुकड्या-तुकड्यांचा. पहाटे पाच ते संध्याकाळी सहा धरले तर तेरा तास होतात. स्टिअरिंगवर कदाचित सहाच तास असतील, पण बाकीचे तास घरचे नसतात. मोटार कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि मधली सुट्टी धरूनही कामाचा पसारा बारा तासांपलीकडे जाऊ नये असं सांगितलं. ज्याची एकच व्हॅन आहे आणि तोच मालक, तोच चालक, त्याचे तास मात्र कुणी मोजत नाही.

पैशाचंही तसंच. शाळेची स्वतःची बस असेल तर काकांना शाळेचा पगार. ठेकेदाराची बस असेल तर ठेकेदार देईल तो. स्वतःची व्हॅन असेल तर आपल्या फीमधून डिझेल, बँकेचा हप्ता, विमा, कर, दुरुस्ती सगळं निघून जे उरेल ते. बऱ्याच ठिकाणी बसचे पैसे दहाच महिन्यांचे घेतात. बँक मात्र बारा हप्ते घेते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हेच काका लग्नाची वऱ्हाडं आणि पर्यटक वाहतात. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या, तेव्हा या घरांची मिळकत एका दिवसात थांबली. गाडी दारात उभी आणि हप्ता चालू, अशी वेळ अनेकांवर आली.

स्वस्त व्हॅन महाग कशी पडते

आता फीचा एक हिशेब करू. समजा, एका व्हॅनचा महिन्याचा सगळा खर्च आणि काकांची मजुरी मिळून १५,००० रुपये होतात. दहा मुलं असतील तर प्रत्येकी १,५०० रुपये. आपण सगळ्या जणी मिळून घासाघीस केली आणि फी १,००० वर आणली. खर्च तर तेवढाच राहिला. मग काकांना पंधरा मुलं घ्यावी लागतात. आपण पाचशे रुपये वाचवले नाहीत. आपल्या मुलाची बसायची जागा विकली.

जास्त मुलं भरली की काय होतं? दप्तरं दारात येतात, एखादं पोर चालकाच्या शेजारी गिअरला चिकटून बसतं, ब्रेक लावला की सगळी पुढे आदळतात. वजन वाढलं की ब्रेकलाही जागा जास्त लागते.

दुसरी गोष्ट नंबरप्लेटची. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तर ते वाहन भाड्याने माणसं वाहायला नोंदवलेलं आहे. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. खाजगी गाडीतून पैसे घेऊन मुलं नेली तर ते विम्याच्या अटीत बसत नाही, आणि काही विपरीत घडलं तर भरपाईसाठी आईबापांना वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागू शकतात.

आपल्या जिल्ह्याचं परिवहन कार्यालय पेणलाच आहे. एम.एच. ०६ हा नंबर तिथलाच. गाड्यांचं ‘पासिंग’, म्हणजे योग्यता तपासणी, करून घ्यावी लागते. प्रवासी वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. त्या कागदावर मुदतीची तारीख असते. ती वाचायला दहावी पास असावं लागत नाही, तारीख ओळखता आली की पुरे. काकांकडे पासिंग, विमा, परवाना आणि त्यांचा स्वतःचा लायसन, या चार कागदांच्या तारखा गटाने जूनमध्ये एकदा वहीत लिहून घ्याव्यात. चांगल्या चालकाला याचा राग येत नाही. कागद दाखवायला त्याला बरंच वाटतं.

पावसातला निर्णय

आपल्या रायगडात चार महिने पाऊस हाच मुख्य अधिकारी असतो. अतिवृष्टीचा इशारा असला की जिल्हाधिकारी अलिबागहून सुट्टी जाहीर करतात, पण कधीकधी ती बातमी पोचेपर्यंत पहाटेची फेरी निघालेली असते. आणि पाऊस दुपारी वाढला तर मुलं शाळेत आणि पाणी रस्त्यावर, असं होतं. अंबा, कुंडलिका, भोगावती यांचं पाणी किती झपाट्याने चढतं हे आपल्याला माहीत आहे. भरती त्याच वेळी असेल तर खारेपाटात पाणी उतरतच नाही.

पुलावरून पाणी जात असेल तर काकांनी थांबावं. पाण्याखाली रस्ता आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही, आणि दीड-दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही ढकलू शकतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या चालकांना अंधारात पूल गेलाय हे समजायला मार्गच नव्हता. दिवसाउजेडी पाणी दिसत असताना तरी कुणाला पुढे ढकलू नये.

म्हणून आपण काय करायचं? बस अलीकडेच थांबली, मुलं दोन तास उशिरा आली, तर काकांना बोल लावायचा नाही. ‘दुसरा गेला की, तुम्हीच कसे थांबलात?’ हे वाक्य आपल्या तोंडून कधी जाऊ नये. थांबायची हिंमत माणसाला एकदा होते. थांबल्याबद्दल बोलणी खाल्ली तर दुसऱ्यांदा होत नाही. पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावं, की पाणी आलं तर मुलं कोणत्या शाळेत, कोणत्या देवळात किंवा कुणाच्या घरी थांबतील.

नियम कुठून आले, आणि आपला हक्क

शाळेच्या बससाठीचे नियम बरेचदा मुलं गेल्यानंतरच झाले. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं बुडाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबाबत सूचना दिल्या. खिडक्यांना आडव्या पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायची सोय, पक्की कुलपं असलेली दारं, बसमध्ये मदतनीस, आणि अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक. महाराष्ट्र सरकारने २०११ साली शाळेच्या बससाठी वेगळे नियम केले.

पिवळ्या रंगाची गोष्ट त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने बैठक भरवून शाळेच्या बससाठी एकच पिवळा रंग ठरवला. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात हा रंग लांबून दिसतो आणि त्यावरची काळी अक्षरं वाचता येतात.

आपल्या राज्याच्या नियमांत आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालकांचे प्रतिनिधीही तिच्यात असतात. तिची दर तीन महिन्यांनी बैठक व्हायला हवी. थांबे कुठे असावेत, किती मुलं बसवावीत, फी किती, कागद पुरे आहेत का, हे सगळं तिथे बोलायचं. मुली प्रवास करत असतील तर बसमध्ये महिला मदतनीस हवी, हेही तिथेच मागायचं. हे काम गावातल्या एखाद्या बाईला रोजगारही देतं. चालकाचं लक्ष रस्त्यावर राहतं ते आत मुलांना सांभाळणारं कुणी असेल तरच. मुलाने बसबद्दल, काकांबद्दल किंवा कुणाही मोठ्या माणसाबद्दल भीतीने काही सांगितलं, तर त्याला गप्प न करता ऐकून घ्या. मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८ आहे.

आणि ज्यांच्या गावात पिवळी बस येत नाही त्यांचं काय? आपल्या कितीतरी वाड्यांवरची मुलं सकाळच्या एसटीनेच शाळेत जातात. त्यांच्यासाठी एसटीचा चालक हाच शाळेचा बसवाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून काही महिने एसटीचा संप चालला, तेव्हा हे सगळ्यांना कळलं. एसटीत विद्यार्थ्यांना पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. जून २०२४ पासून हे पास शाळेतच देण्याची सोयही एसटीने सुरू केली. वाडीवरच्या मुलींची नावं त्या यादीत गेली की नाही हे गटाने मुख्याध्यापकांकडे विचारावं. वीटभट्टीवरून परत आलेल्या कातकरी घरांच्या मुली जूनच्या यादीत राहून जाऊ शकतात. त्यांच्यासाठी पुन्हा विचारावं लागतं.

गटाने करायच्या चार गोष्टी

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या.

पहिली गोष्ट, आपल्या थांब्यावरच्या मुलांची यादी करा आणि रोज एका आईने पाच मिनिटं आधी येऊन सगळी मुलं रांगेत उभी करायची अशी पाळी लावा. सात आया असतील तर प्रत्येकीची आठवड्यातून फार तर एकदाच पाळी येते.

दुसरी, बसची फी एकत्र आणि तारखेला द्या. डिझेलवाला उधार देत नाही. ज्या घरी अडचण असेल तिथे गटाच्या अंतर्गत कर्जातून महिनाभर सांभाळून घेता येतं.

तिसरी, परिवहन समितीवर आपल्यातली एक जण पाठवा. बैठक होत नसेल तर ती घ्या म्हणून मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोचसही घ्या.

चौथी गोष्ट पैशाची नाही. काकांचं आणि मदतनीस ताईचं नाव विचारा. मुलांनाही त्यांना नमस्कार करायला शिकवा. वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या आधी, त्यांना गटाच्या बैठकीला बोलवा, चहा द्या आणि विचारा, की आमच्या रस्त्यावर तुम्हाला भीती कुठे वाटते? कुठलं वळण, कुठलं झाड, कुठला साकव. रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला जे दिसतं ते ग्रामपंचायतीला अजून कुणी सांगितलेलंच नसेल. झाड छाटायचा, थांबा चार पावलं अलीकडे घ्यायचा, साकवाला कठडा लावायचा ठराव ग्रामसभेत आपण मांडू शकतो.

आणीबाणीत लागणारे दोन आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

तुमच्या थांब्यावर काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भाषणात ते इतर गावांच्या मैत्रिणींनाही सांगू.